ताबा नसलेला पालक

"हे वेन. आमच्या शेजारी राहतात," ब्रिटा म्हणाली.

वेन कांगासच्या हातात टॉवेलांचा गठ्ठा होता. हिवाळी सेलमध्ये उरलेले जाड, राखी रंगाचे टॉवेल. कॉलेजच्या वसतिगृहात न्यायला हवेत म्हणून त्यानेच ते निवडले होते, आणि ब्रिटा आत्ताआत्तापर्यंत हसत म्हणत होती, की डॅड, अजून पैशाच्या मदतीचं काही ठरलं नाही, तिथे जायचंच जमलं नाही तर एवढ्या टॉवेलांचं मी काय करू, आयुष्यभर अंग पुसत बसू? ते हसू अजून तिच्या तोंडावर होतं आणि त्याच तोंडाने तिने त्याचं नाव घेतलं. त्याच्या मुलीने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. ब्रिटाच्या आईच्या, जोलीनच्या, तोंडी हे नाव बहुतेक भांडणात यायचं. जहाजावर त्याला नावच नव्हतं, तिथे तो 'कुक' होता. इस्पितळाच्या मुदपाकखान्यात ते नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं आणि कोणी वाचत नव्हतं. ब्रिटाने मात्र ते इतक्या सहज उच्चारलं, की क्षणभर त्यालाही वाटलं, असा कोणी वेन असेल बुवा. बरा माणूस दिसतो. शेजारच्या मुलीला टॉवेल घेऊन देतो.

समोर उभ्या असलेल्या बाई म्हणजे ब्रिटाच्या शाळेतल्या मिसेस दिमार्को. बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज, शिष्यवृत्त्या, मदतीचे कागद असं सगळं त्याच बघायच्या. बाई मूळच्या न्यू जर्सीच्या. बोलायच्या भरभर आणि उभ्या राहायच्या अगदी जवळ, या गावच्या रीतीपेक्षा हातभर जास्तच जवळ.

"शेजारी? अगं, देवच पावला!" त्या म्हणाल्या. "ब्रिटा, तुझे ते पास्टर हॉस्पिटलात आहेत. कंबर मोडली. बर्फावर घसरले. त्यांच्या बायकोने काल फोनवर सांगितलं, ते आता काही लिहीत नाहीत. माझं एक पत्र आहेच, पण मला तर घोर लागला होता, दुसरं आणायचं कोणाकडून! नातेवाईक चालत नाही. शेजारी चालतो. शेजारी म्हणजे उत्तम! वेन, तुम्ही या कुटुंबाला बरीच वर्षं ओळखता ना?"

"तसं... हो."

"मग तिच्या वडिलांचा पत्ता नाही, ते काही करत नाहीत, एवढंच सांगायचं. माणुसकी म्हणून कराल का एवढं?"

"बघू या," वेन म्हणाला.

त्या सरोवराकाठच्या गावात, बाप-आजांपासून, 'बघू या' याचा अर्थ 'नाही' असा होतो. तोंडावर नाही म्हणणं तिथे शिवी दिल्यासारखं असतं. कोणी कॉफी विचारली तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा अर्धा कप घ्यायचा. कोणी नको ते मागितलं तर खिडकीबाहेर बघत 'बघू या' म्हणायचं, की मागणारा समजतो आणि हवापाण्याकडे वळतो. मिसेस दिमार्को वळल्या नाहीत. त्यांनी वेनचा दंड दाबला. "थँक यू! उद्या दुपारी दोनला माझ्या खोलीत. तुम्ही बोला, मी टाइप करते. दहा मिनिटांचं काम आहे." आणि त्या गाडी ढकलत साबणांच्या रांगेत दिसेनाशा झाल्या.

मोटारीत बसल्यावर काचा धुरकटून गेल्या होत्या. ब्रिटाने दार ओढलं आणि ती उसळली.

"सरळ नाही म्हणता येत नाही तुला?"

"म्हटलं की. 'बघू या' म्हटलं."

"डॅड, ती जर्सीची आहे!"

दोघंही हसली. हसू आवरेना. ब्रिटाने कपाळ डॅशबोर्डला टेकवलं आणि तिचे खांदे हलत राहिले, आणि मग केव्हातरी त्याच्या ध्यानात आलं की ती हसत नाहीये. "मी घाबरले रे," ती म्हणाली. "तिने तुला माझ्याबरोबर बघितलं आणि मला काही सुचलंच नाही. सॉरी." तो म्हणाला, त्यात काय एवढं. गाडी चढ चढत होती. शेवटी तीच म्हणाली, "आता जावंच लागेल तुला. नाही गेलास तर तिला शंका येईल. तीन वाक्यं बोल. वर्षानुवर्षं बघितलं नाही म्हण. आडनाव विचारलं तर कुठलंही सांग." तो बरं म्हणाला. तो तिला नेहमी 'बरं'च म्हणत आला होता.

सुरुवातही त्या 'बरं'नेच झाली होती. गेल्या महिन्यात एका रविवारी पॅनकेक खाता खाता ब्रिटाने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. सरकारकडून मिळायची ती मदत मिळाली होती आणि ती पुरणार नव्हती. तिला हवं होतं ते कॉलेज खाजगी. तिथे नद्यांचा आणि तळ्यांचा अभ्यास चालायचा, आणि प्रवेश तर मिळाला होता. कॉलेजकडे स्वतःचा पैसा होता आणि ते तो सढळ हाताने देत असे, पण त्यासाठी आई आणि बाप दोघांच्या कमाईचे कागद लागत, मग ते घटस्फोटित का असेनात. वेनचा पगार काही मोठा नव्हता, पण कागदावर तो पगार दिसला की कॉलेज म्हणणार, यातला वाटा बापाने उचलावा. तो त्याला झेपणार नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. यातून सुटायची वाट एकच. बापाशी काही संपर्कच उरलेला नाही असं मुलीने लिहून द्यायचं आणि नात्याबाहेरच्या दोन माणसांनी त्याला दुजोरा द्यायचा. मग बाप हिशेबातून गळतो. त्यांच्या भाषेत अशा बापाला एक नावही होतं, ताबा नसलेला पालक. ब्रिटाने ते काट्याने पॅनकेकचे तुकडे करता करता वाचून दाखवलं आणि मान वर न करता विचारलं, "तू नाहीयेस असं म्हटलं तर चालेल का रे तुला?"

तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." आणि त्याने पाकाची बाटली तिच्याकडे सरकवली. त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढे त्याला जे टोचत राहिलं ते हेच. वाईट वाटायला हवं होतं. निदान रागाने दोन शब्द बोलून मग कबूल व्हायला हवं होतं. पण त्याच्या अंगातून काहीतरी सैल पडल्यासारखं झालं, जहाज धक्क्यापासून सुटताना दोर पाण्यात पडतो तसं. आता कोणी काही मागणार नव्हतं. जे द्यायला जमलं नव्हतं ते आता द्यायचंच नव्हतं. नंतर त्याने जोलीनला फोन करून थोडा आवाज चढवला होता, पण तो चढवायचा म्हणून चढवलेला. जोलीन शांतपणे म्हणाली, "माझ्यावर का ओरडतोस? 'संपर्क नाही' एवढंच लिहिलंय. खोटं असेल तर तिच्या शाळेतल्या एका शिक्षकाचं नाव सांग बरं. एक." त्याला सांगता आलं नव्हतं. आज आलं असतं. दिमार्को.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुदपाकखान्यात तो रोग्यांसाठी रानतांदळाचं सूप ढवळत होता, बिनमिठाचं. वाफेने चष्मा भरून गेला होता. संपर्क म्हणजे काय, हे तो मनाशी शोधत होता. दर रविवारी पॅनकेक, हा संपर्क होता का? होता, पण कसा? ती बोलायची आणि तो बश्या उचलायचा. तिचा कोणी मित्र आहे का, तिला रात्री झोप लागते का, पाण्यातल्या शेवाळ्यात तिला एवढं काय दिसतं, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारणं त्याला आगाऊपणाचं वाटायचं. आपण मध्येच उठून गेलेले, आपल्याला विचारायचा काय अधिकार, असं तो स्वतःला समजावायचा, आणि या समजावण्यात सोय किती आणि लाज किती हे त्याने कधी निवडून पाहिलं नव्हतं. खनिजाच्या जहाजांवर असताना वसंतापासून नाताळ उलटेपर्यंत तो पाण्यावर असायचा. किनारा जवळ आला की फोन लागायचा आणि मागच्या डेकवर खलाशांची झुंबड उडायची. जो तो एका कानावर हात ठेवून ओरडत असायचा, "हॅलो, बेटा? ऐकू येतंय?" वेन आपली पाळी इतरांना देऊन टाकायचा. सगळे म्हणायचे, कुक फार भला माणूस आहे. सूप उतू जायला लागलं तेव्हा तो भानावर आला. शेजारच्या शेगडीवरची बाई म्हणाली, "अरे, आज लक्ष कुठाय? प्रेमात पडलास की काय या वयात?" तो कसनुसा हसला.

आणि तो हिवाळा. त्या हिवाळ्यापाशी त्याचं मन आलं की नेहमी बाजूने निघून जायचं. आज ते तिथेच घुटमळलं. ब्रिटा तेव्हा दुसरीत होती. पाणी गोठल्यावर जहाज मिशिगन सरोवरावरच्या एका गोदीत लागलं आणि सगळे आपापल्या घरी गेले. जहाजावर राखण करायला एक माणूस ठेवतात. घरी त्याने कळवलं होतं की कंपनीने मलाच ठेवलंय, काय करणार. कंपनीने ठेवलं नव्हतं. त्याने मागून घेतलं होतं. दारू नव्हती, बाई नव्हती. असती तर सांगायला तरी काही झालं असतं. तो नुसता राहिला होता. सकाळी एवढ्या थोरल्या स्वयंपाकघरात एकच अंडं तळायचं. मग फिरून दिवे, पंप बघायचे. मग खलाशांनी मागे टाकलेली जुनी पुस्तकं, पहिली पानं फाटलेली, वाचत पडायचं. जहाजाच्या कुशीला बर्फ कण्हायचं. दुपारी तीनच्या सुमाराला गोल खिडकीतून ऊन यायचं आणि पोलादी टेबलावर एका नाण्याएवढं पडून हळूहळू सरकायचं, आणि तो ते बघत बसायचा. त्या हिवाळ्यात तो सुखात होता. असा सुखात तो आधी नव्हता आणि नंतरही झाला नाही. वसंतात घरी गेला तेव्हा ब्रिटाचे पुढचे दात आले होते आणि ती त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं नीट, गोड बोलली होती.

दोन वाजता तो शाळेत पोचला. दारावरच्या माणसाने नाव विचारलं तेव्हा तो "वेन" एवढंच म्हणाला आणि त्या माणसाने तेवढंच लिहून चिठ्ठी त्याच्या कोटावर चिकटवली. मिसेस दिमार्कोंच्या खोलीत भिंतभर कॉलेजांची निशाणं होती आणि खुर्ची मुलांच्या मापाची होती. त्यांनी कॉफी विचारली. तो नको म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलंच नाही.

"हां, बोला. वडिलांना शेवटचं कधी बघितलंत?"

इथे तीन वाक्यं बोलायची होती. त्याने गाडीत ती घोकलीही होती. पण बाईंची बोटं कळफलकावर टेकून वाट बघत होती, आणि आपल्याविषयी एवढ्या आस्थेने आजवर कोणी काही विचारलेलं त्याला आठवेना.

"तो तसा दिसतो अधूनमधून," तो म्हणाला.

"दिसतो? म्हणजे गावात आहे?"

"गावात असला तरी... असून नसल्यासारखा. येतो, बसतो. विचारत काही नाही."

"म्हणजे मुलीच्या पालनपोषणात भाग नाही." बाई टाइप करू लागल्या. "आधी काय करायचा?"

"जहाजावर होता. कुक."

"म्हणजे नोकरीमुळे दूर राहावं लागलं."

"लागलं असं नाही," वेन म्हणाला. "बाकीचेही दूरच होते. ते फोनला धडपडायचे. हा आपली पाळी देऊन टाकायचा. आणि एक हिवाळाभर तर घरी येता येत असून आला नाही. राखणीचं काम मागून घेतलं. घरी सांगितलं, कंपनीने ठेवून घेतलं म्हणून."

बोटं थांबली. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"त्यानेच सांगितलं."

"दारू प्यायचा?"

"नाही."

"मग? दुसरी कोणी?"

"नाही. तो तिथे सुखात होता."

मिसेस दिमार्को पडद्याकडे बघत राहिल्या. "हे मी कसं लिहू?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढून डोळ्यांची टोकं पुसली. त्यांच्याकडे अशा गोष्टी रोज यायच्या. मार, व्यसन, तुरुंग. मुलं आपल्या घरातलं सगळ्यांत वाईट ते नीट परिच्छेद पाडून लिहून आणायची आणि त्या शुद्धलेखन तपासायच्या. पण ही गोष्ट त्यांना कुठल्या खान्यात टाकावी कळेना असं दिसलं. "मारणाऱ्या बापाचं एक वेळ समजतं हो," त्या म्हणाल्या. "पण हा कसला माणूस! पोरीचं नशीब एवढंच, की तुमच्यासारखं कोणीतरी शेजारी आहे. काल तुम्ही टॉवेल घेताना मी लांबून बघत होते. हाताला मऊ लागतो का म्हणून गालाला लावून बघत होता. तिचा बाप हे कधी करेल का?"

असं कौतुक वेनच्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर जमा होत होतं. त्या शेजाऱ्याचा त्याला मत्सर वाटला. काहीही देणं न लागणारा, म्हणून जे देईल ते दानच ठरणारा तो मोकळा माणूस. हे पत्र इथून गेलं की ब्रिटा तिच्या तळ्यांकडे जाईल. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर त्याचा हातखंडा.

"संपलं," बाई म्हणाल्या. "शेवटी तुमचं पूर्ण नाव आणि विद्यार्थिनीशी नातं. शेजारी, बरोबर?"

"कांगास," तो म्हणाला. "वेन कांगास. वडील."

बाईंना आधी ऐकूच आलं नाही. त्यांनी 'का' टाइप केला, मग हात उचलला. बाहेर घंटा झाली, मुलांचे लोंढे धडधडत गेले, पुन्हा शांत झालं. मग त्या उठल्या आणि त्यांनी दार लावलं.

"तुम्ही हे काय केलंत, कळतंय ना?" त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, पण तो कोणावर ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. "तुमचं सोडा, आता माझंही पत्र मला पाठवता येणार नाही. मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. का बोललात? सरळ वडील म्हणून पहिल्या दिवशी यायचं, नाहीतर शेवटपर्यंत गप्प राहायचं!"

"खरंय."

"शुक्रवारपर्यंत तुमच्या कमाईचे, कराचे सगळे कागद आणा. सोबत मी लिहीन की यांच्याच्याने वाटा उचलला जाणार नाही. ते ऐकतील न ऐकतील. बहुतेक ऐकत नाहीत. तिला इथल्याच सरकारी कॉलेजात जावं लागेल, किंवा कर्ज. तुम्ही जामीन राहाल?"

"राहीन," तो म्हणाला. बघू या म्हणाला नाही.

लांब ओसाड मार्गिकेतून बाहेर पडताना त्याचे पाय हलके पडत होते. किती वर्षांनी छातीत हवा नीट शिरत होती. आपण खरं बोललो. आपण आहोत असं सांगितलं. दारापाशी त्याने कोटावरची चिठ्ठी काढली, आणि काढता काढता तो थबकला, कारण हा हलकेपणा त्याच्या ओळखीचा होता. मुलीच्या पदरात काही पडलं नव्हतं आणि बाप मोकळा झाला होता. हे आपण तिच्यासाठी केलं का? तिला विचारून केलं का? का त्या बाईने आपल्याला चांगलं म्हटलं ते सोसवलं नाही, एवढ्यासाठी पोरीचा बेत उधळला? खोटं बोलून गप्प राहिलो असतो तर तेही पळ काढणंच होतं. खरं बोललो तर तेही पळ काढणंच निघालं. कुठल्या दाराने आत गेलं की माणूस बाप होतो, हे इतरांना कसं कळतं कोण जाणे.

ब्रिटा गाडीला टेकून उभी होती. तास चुकवून आली असावी. डोक्यावर टोपी नव्हती आणि कान लाल झाले होते. तिने त्याच्याकडे बघून हसत अंगठा वर केला, म्हणजे विचारलं, जमलं?

तो तिच्यापाशी गेला आणि त्याने सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. तो हिवाळाही सांगितला, मागून घेतलेला. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं एक एक मावळत गेलं आणि शेवटी नुसता चेहरा उरला, तिच्या आईसारखा दिसणारा.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या हिवाळ्याचं. मॉमने कंपनीत फोन केला होता. मी बाजूलाच होते." तिने नाक पुसलं. "मी कधी बोलले का तुला? एवढी वर्षं झाकून ठेवलं ना मी? मग तुला एक गोष्ट झाकता येऊ नये?"

त्याने हातातली नावाची चिठ्ठी खिशात कोंबली.

"मी खिडकीत बसायचे तेव्हा नाही आलास. माझ्या नाटकाला नाही आलास, माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा नाही आलास. आणि आज आलास?" ती ओरडत नव्हती. खरोखरच विचारत होती. "आजच यायचं होतं तुला, डॅड?"

वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते. मागे सारावेत असं त्याला फार वाटलं आणि त्याचा हात खिशातच राहिला. ती वळली आणि बसथांब्याच्या दिशेने उतरायला लागली. तो गाडीची किल्ली हातात धरून उभा राहिला. मग गाडी तिथेच सोडून तो तिच्या मागून निघाला, निसरड्या बर्फावरून, तिला लाज वाटू नये इतकं अंतर राखून. थांब्यावर ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. तो बाकाच्या या टोकाला बसला. बस आली तेव्हा ती चढली. वेनही चढला.